आत्याचा गुडघा

क्लबचे सेक्रेटरी संध्याकाळी येणार होते, आणि दुपारचा चहा झाला तरी तो स्कर्ट घालून बघायला घरात कुणी तयार नव्हतं.

स्कर्ट कापायच्या टेबलावर पसरला होता. निळा, चुण्यांचा, आखूड. मास्तरांनी तो काल कापला होता आणि छोटीच्या आईनं आज सकाळी शिवला होता. शिवताना ती अवाक्षरही बोलली नव्हती. धाकटा भाऊ गेल्यावर ही भावजय मशीनवर बसली, तेव्हापासून तिच्या गप्प बसण्याची मास्तरांना चांगलीच ओळख झाली होती. तिनं भांडण काढलं तर तासाभरात मिटायचं. ती गप्प बसली की मास्तरांचं जेवण नीट जात नसे.

आता एवढं घोडं कशाला अडावं? घालायचा आणि बघायचा. पण या दुकानाचा एक नियम होता, मास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेला. खेळाडूंसाठी नवं काही शिवलं की पहिला नग घरच्याच माणसानं अंगात घालायचा, मागच्या आवारात जायचं, आणि बसायचं, उठायचं, वळायचं, उडी मारायची. जमलं तर पास, नाहीतर उसवा. या नियमापायी मास्तरांनी तरुणपणी पैलवानांच्या चड्ड्या घालून कोलांट्या मारल्या होत्या. छोटीची आई नवी नवरी होती तेव्हा सायकलवाल्यांचा घट्ट सूट घालून आवारात उड्या मारत होती, आणि नेमकी तेव्हाच तिच्या माहेरची माणसं दारात उभी राहिली होती. तिचे वडील म्हणे हसावं की मुलीला परत न्यावं या विचारात बराच वेळ उभे होते.

"तू सांग छोटीला," मास्तर म्हणाले. "आईचं ऐकेल."

"काय सांगू?"

"सेक्रेटरी म्हणाले तेच. माणूस वाईट नाही गं. डावरीनं या मोसमात खेळू नये एवढंच म्हणणं आहे. तिचा खांदा दुखावला असं ते जाहीर करतील. मग हळूच ती नदीपलीकडच्या क्लबात जाईल, तिकडे घेतायत तिला. छोटी कप्तान राहील. कुणाचं काही जात नाही."

डावरी म्हणजे छोटीच्या हँडबॉलच्या संघातली डावखुरी मुलगी. खरं नाव होतं तिला, पण या घरात ते कुणी वापरलं नाही. बेकरीच्या वरच्या खोलीत ती आणि छोटी एकत्र राहायच्या.

"आणि खोली?" छोटीच्या आईनं विचारलं.

"खोलीही वेगळी. लोक बोलतात. बाकीच्या मुलींचे आईबाप क्लबात जाऊन विचारायला लागलेत, आमच्या मुलीला पाठवू की नको म्हणून. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

तिनं दोरा दातानं तोडला. "दादा, त्या खोलीत पलंग एकच आहे. त्याची चादर मी शिवून दिली. डबलची."

मास्तरांच्या हातातला खडू टेबलावर पडला. "कधी?"

"गेल्या हिवाळ्यात. मापं घ्यायला मीच गेले होते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"चादरीचं काय बोलायचं असतं?" ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं, म्हणजे बोलणं संपलं.

दाराजवळच्या खुर्चीत आत्या बटणं निवडत बसली होती. तिचा उजवा पाय नेहमीसारखा समोर स्टुलावर लांब टाकलेला. ती खुर्ची तिची, स्टूल तिचं. ऐन विशीत गोळाफेकीत नाव काढलेली ही मुलगी, आणि गुडघा दुखावला म्हणून घरी बसली. तेव्हापासून हा गुडघा घरातल्या आणखी एका माणसासारखाच होता. कुठे जायचं तर आधी गुडघ्याला विचारायचं. फोटो काढायचा तर आत्याला खुर्ची आणायची. कधी तो उजवा असायचा, कधी डावाही असायचा, पण मोठ्या माणसाच्या दुखण्याचा हिशेब कोण मागतो? आजही ती सगळं ऐकत होती. खांद्याची गोष्ट निघाली तेव्हा बटणं निवडणारे तिचे हात थांबले होते तेवढेच.

छोटी मागच्या फाटकातून आली, सरावाच्या घामेजल्या कपड्यांत, काखेत चेंडू. घरात सगळ्यांत शेवटी जन्मली म्हणून छोटी. आता दुकानात शिरताना तिला हँगरच्या दांडीखालून वाकावं लागे. तिच्या मागे डावरी.

छोटीनं स्कर्ट दोन बोटांनी उचलला. "हा कुणाला?"

"तुमच्या संघाला," मास्तर म्हणाले. "घालून बघ जरा. पास करून टाकू."

"गोलकीपरलाही?"

"सगळ्यांना एकसारखा."

"काका, गोलकीपर फुल पँट घालते. समोरून चेंडू येतो तो मांडीवर बसतो. तुम्हीच शिवलीत ना माझी पँट? गुडघ्याला अस्तर लावून?"

"ते खरं. पण सेक्रेटरींचं म्हणणं, मुली जरा मुलींसारख्या दिसल्या तर बघायला लोक येतील."

"काय बघायला?"

मास्तरांनी भिंतीवरच्या कात्र्यांकडे बघितलं.

"मुलांच्या संघाला काय शिवताय?" छोटीनं विचारलं.

"त्यांचं जुनंच आहे. हाफपँट."

"खिसा आहे?"

"आहे."

"वा!" छोटी म्हणाली आणि स्कर्ट परत टेबलावर टाकला.

खरं तर मास्तरांनी इथेच थांबायला हवं होतं. पण भावजय सांगत नाही म्हटल्यावर आणि सेक्रेटरी येणार म्हटल्यावर त्यांना घाम फुटला होता. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खांदा, नदीपलीकडचा क्लब, वेगळी खोली. सांगताना ते डावरीकडे बघत नव्हते. पोरगी या घरात जेवलेली, बटणं लावायला बसलेली, मास्तरांचा चष्मा हरवला की तिनंच शोधून दिलेला. तिच्या तोंडावर हे बोलणं त्यांना जड गेलं.

छोटी उसळणार तेवढ्यात डावरीच म्हणाली, "मला माहीत आहे. सेक्रेटरी माझ्याशी बोलले. मी हो म्हणाले."

छोटीनं तिच्याकडे वळून बघितलं. समोरून एकटी खेळाडू चेंडू घेऊन धावत येते तेव्हा काय करायचं हे छोटीला ठाऊक होतं. स्वतःच्याच संघातल्या मुलीनं आपल्याच जाळ्यात चेंडू मारला तर काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

"आणि मला सांगणार कधी होतीस? सामान बांधून?"

"चिडू नकोस ना. तू शाळेत असल्यापासून कप्तान व्हायचं म्हणतेयस. माझ्यामुळे ते जायला नको. मी तिकडेही खेळेनच की."

"खांदा दुखतोय तुझा?"

"दुखेल," डावरी म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. तो फसला.

"शहाणी आहे पोरगी," खुर्चीतून आत्या म्हणाली. "जाऊ दे तिला."

छोटीच्या आईनं मशीन थांबवलं. "ताई, तुम्हीसुद्धा?"

"मी काय? खेळ राहिला पाहिजे, वहिनी. बाकीचं पुढेमागे बघता येतं. खेळ एकदा सुटला की..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

म्हणजे आता मास्तर, आत्या आणि खुद्द डावरी एका बाजूला, मायलेकी दुसऱ्या बाजूला. आपण जिंकतोय म्हणून मास्तरांना बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. भावजय त्यांच्याकडे बघत नव्हती. छोटी डावरीकडे बघत नव्हती. डावरी फरशीकडे बघत होती.

"आण तो स्कर्ट इकडे," आत्या म्हणाली. "मी घालते."

"तू?"

"मग कोण, तू घालणार? सेक्रेटरी येऊन उभे राहतील आणि नियम मोडला म्हणून तू वर्षभर माझं डोकं खाशील. आण."

"अगं पण तुझा गुडघा?"

"नुसती उभी राहते. कमरेत कसा बसतो ते बघ आणि सोड."

पडद्यामागे जाऊन आत्यानं स्कर्ट चढवला. कमरेला हुक लावायला श्वास आत ओढावा लागला. मग तिनं खाली बघितलं आणि क्षणभर तिला स्वतःचे पाय ओळखू येईनात. पांढरट पडले होते, पण पोटऱ्या अजून होत्या. याच पायांवर एके काळी तिचं सगळं होतं. त्यांना वारा लागला तसं तिला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला. हा राग फार जुना होता.

आवारात सगळे उभे होते. मास्तरांनी सवयीनं गळ्यात टेप टाकली. कापड समोर आलं की मास्तर दुसरं काही राहत नसत, ना भाऊ ना काका. "चाल," ते म्हणाले. आत्या लंगडत चालली. "थांब. वळ. बरं, बसायचं राहू दे."

"का राहू दे? नियम म्हणजे नियम," आत्या म्हणाली आणि वाकली. स्कर्ट वर सरकला. तिचा हात आपोआप मागे गेला आणि कड खाली ओढू लागला. ती सरळ झाली, परत वाकली. परत हात मागे.

"हात कशाला मागे नेतेस?" मास्तरांनी विचारलं.

"मी नाही नेत, जातोय तो. तू घालून बघ, तुझाही जाईल."

"असा हात गेला तर चेंडू कशानं धरणार?"

"तेच सांगतेय ना काका मघापासून," छोटी म्हणाली.

"थांब," आत्या म्हणाली. ती छोटीकडे वळली. "दे गं तो चेंडू."

हँडबॉलचा चेंडू तो, हातात मावणारा. आत्याला फक्त एवढंच बघायचं होतं की हातात वस्तू असली तर मागे हात जातो का. पण चेंडू तळव्यात बसला आणि तळवा आपला आपण मानेपाशी गेला. हनुवटी वळली. पाठ भिंतीकडे झाली. आत्या उजव्या पायावर खाली बसली, अगदी खाली, पुढच्याच क्षणी त्याच पायानं जमिनीला रेटा देऊन गर्रकन फिरली, आणि तोंडातून असा आवाज काढून चेंडू सोडला की भिंतीवरचं मांजर पळालं. चेंडू आवार ओलांडून शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर धाडकन आपटला. आतून कुणीतरी शिवी हासडली.

आत्या तशीच उभी होती, धापा टाकत, चेहरा लालबुंद. स्कर्टची एक चूण उसवली होती.

"ताई," छोटीची आई हळूच म्हणाली, "गुडघा?"

"कुठला?" आत्या म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच लक्षात आलं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळायला सुरुवात केली.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं," आत्या म्हणाली. "कधीच नव्हतं. छोटे, तोंड मिट, माशी जाईल."

"मग?"

"मग काय? निवड चाचणीत मी सगळ्यांच्या पुढे फेकला. इतका पुढे, की दुसऱ्या संघानं तक्रार केली, ही बाई नाहीच. मला एका खोलीत नेऊन कपडे काढायला लावले. डॉक्टर होता, आणि दोघेजण उगाचच बसलेले होते, त्यांचं तिथे काय काम होतं देव जाणे. बघितलं आणि म्हणाले, बाई आहे, जा. पण खोलीबाहेर सगळ्यांना कळलं होतं ना! कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेले तर चहावालासुद्धा वाकून बघायला लागला. घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. वडील जेवेनात. दादा म्हणाला, आपण गुडघा म्हणू. थोडे दिवस. बोलणं थांबलं की परत जा."

"बँडेज मीच बांधलं होतं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तुला त्रास होऊ नये."

"माहीत आहे. तू वाईट नाही वागलास, दादा. तू मला जपायलाच बघत होतास. पण एकदा गुडघा म्हटलं की लोकांना फार बरं वाटतं बघ. कुणी पुढे विचारत नाही. सगळे खुर्ची आणून देतात. त्या खुर्चीतून मग उठताच आलं नाही मला." ती डावरीकडे वळली. "तुझ्या खांद्याचंही तसंच होईल. मघाशी तुला शहाणी म्हणाले ना, ते मागे घेते. जाऊ नकोस कुठे."

"पण आत्या, छोटीचं कप्तानपद जाईल."

"जाईल. मी नाही म्हणत नाही. ते तुम्ही दोघींनी ठरवा. पण खरं काय ते धरून ठरवा."

डावरी छोटीपाशी गेली. दोघी फाटकापाशी उभ्या राहून खालच्या आवाजात बोलत होत्या. त्यांचं बोलणं छोटीच्या आईला ऐकू येत नव्हतं आणि तिनं कान दिलाही नाही. तिला भीती वाटत होती. चादर शिवून देणं सोपं होतं, ती चार भिंतींत राहते. पोरीनं जगासमोर उभं राहायचं म्हणजे त्या भिंतीच उरत नाहीत. शेवटी छोटीनं डावरीचा हात धरला आणि डावरीनं मान हलवली.

सेक्रेटरी आले ते हातात हेल्मेट आणि चेहऱ्यावर हसू घेऊन. माणूस खरोखर वाईट नव्हता. क्लबच्या छपरासाठी दारोदार फिरलेला, मुलींना सामन्यांना स्वतःच्या गाडीतून नेणारा. त्यांनी आवारातच बसून चहा घेतला, साखर कमी आहे म्हणून छोटीच्या आईचं कौतुक केलं, आणि विचारलं, "मग मास्तर? नमुना पास?"

"नापास," मास्तर म्हणाले. "हात मागे जातो. गोलकीपर हात मागे नेऊन कशी खेळेल?"

"सवय होते हो मुलींना."

"आवारात नापास झालेलं या दुकानात शिवत नाहीत."

"ठीक आहे, दुसरीकडे बघू. त्यावरून आपले संबंध बिघडायला नकोत." सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. "आणि ते दुसरं? बोलणं झालं का घरात?"

"माझा खांदा चांगला आहे, साहेब," डावरी म्हणाली. "मी कुठे जाणार नाही."

सेक्रेटरींनी मास्तरांकडे बघितलं.

"आणि ती माझ्याबरोबर राहते," छोटी म्हणाली. तिचा आवाज जरा वर चढला होता, पण थरथरत नव्हता. "भाडं वाचावं म्हणून नाही. मला ती हवी आहे म्हणून."

शेजारी गॅरेजमध्ये कुणी तरी लोखंड ठोकत होतं ते थांबलं.

"हे बोलायची काही गरज होती का?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुमच्या खासगी गोष्टीत क्लब कधी पडलाय? फक्त ते खासगी राहू द्यायचं होतं. आता तू सगळ्यांसमोर बोललीस. उद्या मला विचारलं तर मी खोटं कसं बोलू? मला तुला कप्तान ठेवता येणार नाही. संघात तरी कसं ठेवू? तिलाही नाही."

"बरं," छोटी म्हणाली. आता मात्र आवाज थरथरला.

सेक्रेटरी उठले. जाता जाता त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं, जुन्या ओळखीनं, खांद्यावर हात टाकून. "मास्तर, मोसम तोंडावर आलाय. गोलकीपर नाही, डावरी नाही, लोक विचारणारच. मुलीच्या नावाला धक्का लागू नये असं मलाही वाटतं. घरगुती अडचण म्हणू का? की लग्न ठरलंय म्हणून सांगू? तुम्ही म्हणाल तसं."

एवढी वर्षं मास्तरांना अशा वेळी उत्तर चटकन सुचत आलं होतं. भोक पडलं की त्याच रंगाचं ठिगळ शोधायचं, हे त्यांच्या हातात भिनलं होतं. त्यांनी बहिणीकडे बघितलं. ती उसवलेल्या चुणीचा स्कर्ट घालून आवाराच्या मधोमध उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती.

"कारण आता आमच्या घरातून मिळायचं नाही," मास्तर म्हणाले.

"अहो पण लोकांना काही तरी सांगायला नको का?"

"सांगा ना. तुम्हाला तिची लाज वाटली म्हणून काढलं. तेच सांगा."

सेक्रेटरींचा हात खांद्यावरून खाली आला. हेल्मेट घालताना त्यांना पट्टा सापडेना. मग ते गेले. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

छोटी पायरीवर बसली. डावरी तिच्या शेजारी बसली. आई दिराकडे बघत होती, जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखी.

"काका, आता मी खेळू कुठे?" छोटीनं विचारलं.

"मला माहीत नाही, बाळा," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

तेव्हा छोटीला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान मुलीसारखं, खांदे हलवत. आई पाणी आणायला धावली, मास्तर "असं नको करू, होईल काहीतरी" म्हणत पुढे झाले. आत्यानं दोघांनाही हातानं थांबवलं आणि पायरीवर पोरीच्या दुसऱ्या अंगाला टेकली.

"रडू दे तिला," ती म्हणाली. "काय गेलं ते तिला माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. मला मेलीला रडायचं तर कशासाठी रडू, हेच कुणाला सांगता येत नव्हतं."